नावात उरलेली झाडं

उजनी धरणाचं पाणी पार तळाला गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. दर उन्हाळ्यात येत नाही. ज्या वर्षी पाऊस हात आखडता घेतो आणि भीमेचं पात्र उघडं पडायला लागतं, त्याच वर्षी. एरवी पाण्यावर शिखराचा तेवढा शेंडा दिसतो आणि त्याच्यावर पंख वाळवत बसलेला एखादा पाणकावळा.

आम्ही गेलो ते अशाच एका कोरड्या वैशाखात. मी आणि आत्या. पहाटेच पुणं सोडलं, तरी इंदापूर तालुक्यात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. सोलापूर रस्ता सोडून खाली उतरलो आणि गाडी जिथं थांबवावी लागली तिथून पुढे नुसता गाळ होता. वाळून भेगाळलेला, खपल्या सुटलेला. पायाखाली शिंपले करकरत होते. मधेच एखाद्या जाळ्याचा गुंता, मधेच एखाद्या घराचं जोतं. जोतं दिसलं की आत्या थांबायची, काठीनं त्याच्या कडा चाचपायची. "हे ओसरीचं. हा उंबरा. इथून आत." चाळीसहून जास्त वर्षं जिथं मासे हिंडत होते तिथल्या एका घरात ती मला उंबरा ओलांडून नेत होती.

भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाचं नाव यशवंत सागर. त्यात पळसदेवचं जुनं गाव गेलं, आणि गावासोबत पळसनाथाचं देऊळही. माणसं वर सरकली, देऊळ तिथंच राहिलं. दगडावर गाळाचा करडा लेप, खांबांवर शेवाळ वाळून आलेला पांढुरका थर, आणि वर विटांचं शिखर. इतकी वर्षं पाण्यात उभं राहूनही ते विटांचं काम तग धरून आहे, हे पाहून मला खरोखर गहिवरून आलं. ज्यानं त्या विटा भाजल्या, ज्यानं त्या चुन्यात बसवल्या, त्याला आपलं काम या परीक्षेला बसणार हे कुठं माहीत होतं!

देवळाभोवती वीरगळ पडले होते, काही उभे, काही आडवे. वीरगळ कसा वाचायचा हे मला आत्यानं फार पूर्वी शिकवलं होतं. खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. सगळ्यात वरच्या चौकटीत तोच वीर शिवलिंगाची पूजा करतोय. आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची आठवण राहील. सतीचा दगड वेगळा. त्यावर कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात असतो. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात असे दगड आपल्याकडे जागोजागी आहेत, शेंदूर फासलेले, कधी धुण्याचा दगड झालेले. पण पाण्यातून वर आलेला वीरगळ पाहणं निराळं. त्याच्या माथ्यावरचे चंद्र-सूर्य मी बोटानं पुसले तेव्हा गाळ भुगा होऊन वाऱ्यावर गेला.

आत्या देवळाच्या सावलीत टेकली, पाणी प्यायली, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पण पळस कुठाय?"

कुठंच नव्हता. गाळाच्या पलीकडे काठावर उसाचे फड, त्यापलीकडे हमरस्ता, ढाबे, वस्ती. नावात पळस, देवाच्या नावात पळस, आणि नजर पोचेल तिथवर एकही पळस नाही. तसा वैशाखात पळस लांबून ओळखू येतही नाही. त्याचा भर माघ-फाल्गुनात. पानं गळून गेलेल्या काळ्या, वेड्यावाकड्या फांद्यांवर ती केशरी आग तेव्हा लागते. वैशाखापर्यंत शेंगा धरतात, पळसपापडी. चपट्या, मखमली, प्रत्येक शेंगेत टोकाला एकच बी. कोवळी पानं आलेली असतात, तीन-तीनच्या जुडीनं. म्हणीत म्हटल्याप्रमाणे पळसाला पानं तीनच, कुठल्याही गावाला गेलं तरी. पण म्हण खरी ठरायला आधी गावात पळस तर हवा.

परतताना आत्या गाडीत बराच वेळ गप्प होती. तिनं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. टेंभुर्णीकडे जाणाऱ्या एका बसची पाटी समोरून गेली तशी ती म्हणाली, "ही पण झाडच." मग आम्ही मोजायलाच लागलो. टेंभुर्णी, बाभूळगाव, पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, सावरगाव, आंबेगाव, जांभूळवाडी, हिवरे. हिवर हे बाभळीच्या जातीतलं, पिवळट सालीचं झाड, हे त्या दिवसापर्यंत मला ठाऊक नव्हतं. एका वडगावचे पुढे दोन होतात, बुद्रुक आणि खुर्द. फारसीतून आलेले हे शब्द, मोठं आणि धाकटं. म्हणजे गाव वाढलं, फुटलं, राज्यं आली-गेली, सरकारी कागदाची भाषा पालटली, तरी नावातला वड जागचा हलला नाही.

त्याच आठवड्यात आमचं ठरलं. झाडाच्या नावाच्या जागी जायचं, आणि जमेल तेव्हा त्या झाडाच्या ऋतूत. एवढा एकच नियम. नियम साधा वाटला तरी त्यानं आमच्या सहलींचं अख्खं वेळापत्रक पालटून टाकलं. लोक ज्या जागी ज्या महिन्यात जातात, त्या महिन्यात आम्ही तिथं नसायचो.

पहिला नंबर लागला तो घराजवळच्याच जागांचा, श्रावणात. पुण्यातल्या पेठांमध्ये बाग नावाच्या जागा किती आहेत, हे त्या नावांशी इतकी सलगी झालीय की लक्षातच येत नाही. तुळशीबाग, बेलबाग, हिराबाग, मोतीबाग, रमणबाग, सारसबाग. यांतली तुळशीबाग आणि बेलबाग एका सकाळी सहज पायी होतात, आणि सकाळीच व्हायला हव्यात. दुकानांची शटर वर जाण्याआधी तुळशीबागेत शिरलात तर रामाचं देऊळ नीट दिसतं. नारो आप्पाजी खिरे यांनी ते १७६१ मध्ये बांधायला घेतलं. त्याआधी इथं खासगीवाल्यांची बाग होती, तुळशीची. १७६१ हे साल पुन्हा वाचा. पानिपताचं साल. याच वर्षी जानेवारीत ती बातमी आली, याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले, आणि याच शहरात कुणीतरी एका तुळशीच्या वाफ्यावर देवळाची आखणी करत होतं. मला त्या माणसाच्या मनाचा थांग लागत नाही, पण त्या ओवऱ्यांत उभं राहिलं की त्याच्याबद्दल आदर वाटतो.

बेलबाग तिथून हाकेच्या अंतरावर. देऊळ नाना फडणविसांनी बांधलेलं, विष्णूचं. नावातला बेल मात्र शंकराचा. पेशवाईतलं पुणं असं एकमेकांत गुंतलेलं आहे. आम्ही गेलो तो श्रावणी सोमवार होता. बाहेरच्या रस्त्यावर पाटीत बेल घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्रिदळं निवडून, देठाशी देठ लावून जुड्या करत होत्या. आत्यानं विचारलं, "बेल कुठला हो, मावशी?" त्या म्हणाल्या, "डोंगराकडचा. लांबनं आनायचा, पहाटंच निघायचं." बागेतला बेल गेला, पण दर श्रावणात बेल अजूनही बेलबागेच्या दारी येतोच. पाटीतून येतो, कुणाच्या तरी डोक्यावरून. आत्यानं दोन जुड्या घेतल्या आणि एक माझ्या हातात दिली. पळसासारखीच तीन पानं. हात दिवसभर त्या वासाचे राहिले.

सारसबागेत त्याच दिवशी गेलो, पण तिथं फार रेंगाळलो नाही. तळ्यातला गणपती म्हणून ज्याला सगळे ओळखतात, त्याच्याभोवतीचं मोठं तळं केव्हाच आटवून बाग झाली. गणपतीची स्थापना १७८४ ची, सवाई माधवरावांच्या काळातली. तेव्हा तो खरोखरच पाण्यानं वेढलेल्या बेटावर होता.

भाद्रपदात कास. इथं मात्र आम्ही गर्दीच्याच दिवसांत गेलो, कारण ती फुलं कुणासाठी थांबत नाहीत. साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवरचं हे पठार, १२०० मीटरच्या आसपास उंचीचं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेलं. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेहून जास्त जाती इथं नोंदल्या आहेत. पण हे आकडे तिथं उभं राहिल्यावर आठवत नाहीत. पायाखाली जांभा खडक असतो, त्यावर मातीचा इतका पातळ पापुद्रा की बोट खुपसलं तर दगड लागावा. कुठलंही मोठं झाड तिथं मूळ धरू शकत नाही. म्हणूनच तर इवल्याशा रोपांना ती सगळी जागा मिळाली. तेरडा गुलाबी, सोनकी पिवळी, गेंदाची पांढरी बोंडं, आणि ओलसर जागी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा थर.

सीतेची आसवं बघायला मी गुडघ्यांवर बसले. नाव इतकं हळवं, आणि वनस्पती मात्र किडे खाणारी. जमिनीखाली, पाण्यानं भिजलेल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. जांभ्यावरच्या मातीत नत्र जवळजवळ नाहीच, तो असा मिळवावा लागतो. शेजारीच दवबिंदू, त्याच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब, त्याचाही उद्योग तोच. उपाशी जमिनीवर जगण्याचे हे उपाय. ज्या जमिनीत काही पिकत नाही म्हणून आपण तिला पडीक म्हणतो, तिथं हे चाललेलं असतं, म्हणून सडा, म्हणजे असं जांभ्याचं पठार, ही ओसाड जागा असं कुणी म्हटलं की मला आता राग येतो. सडे उकरून तिथं बंगले बांधायचे बेत ऐकले की अधिकच येतो.

वायतुरा आम्हाला चुकला. तो आषाढ-श्रावणात येऊन जातो. दोन फाट्यांचा तुरा, खाली मातीत कंद. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. गावांना झाडांची नावं मिळतात तसं कधी झाडालाही गावाचं नाव मिळतं. आणि टोपली कारवीला अजून वेळ होता. ती सात वर्षांनी एकदाच फुलते, सगळी मिळून. त्यामुळे कासला तुम्ही कितीही नेमानं जा, आयुष्यात ती अशी मोजक्याच वेळा भेटणार.

पण या पठाराचं नाव यांपैकी कुणावरूनच आलेलं नाही. ते आलं कासा नावाच्या झाडावरून, असं मानतात. फुलांच्या दिवसांत त्या झाडाकडे कोण बघतो? सगळ्यांच्या माना खाली. म्हणून मार्गशीर्षात मी परत गेले, या वेळी एकटी. आत्याचे गुडघे धरले होते. पठार तेव्हा तपकिरी, करकरीत, वाऱ्यानं घासलेलं. गाड्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. तळ्याच्या बाजूला, जिथं माती खोल होते आणि रान सुरू होतं, तिथं कासा सापडला. हिरवंगार झाड, आणि त्या हिरव्यात मधे मधे एखादंच पान लालभडक. जून झालेलं पान गळण्याआधी असं लाल होतं. सगळं झाड एकदम नाही, पान-पान करून. मी एक गळलेलं पान आत्यासाठी वहीत ठेवलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवलं. अजून आहे.

कासला जायचंच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आधी नोंदणी करून, आणि आखलेली वाट सोडू नका. त्या पापुद्र्यावर पडलेलं एक पाऊल पुढच्या वर्षीचं बी दाबून टाकतं. आणि एकदा, फक्त एकदा, फुलं नसताना जा.

पौषात वडगाव. वडगाव मावळ. इथला नियम थोडा वाकवला, कारण वडाला तसा ऋतू नाही. पण या गावाच्या इतिहासाला ऋतू आहे. १७७९ च्या जानेवारीत, म्हणजे अशाच थंडीत, राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी तळेगाव आधीच जाळून मोकळं केलं होतं. दाणा नाही, वैरण नाही. फौज रातोरात मागे फिरली आणि वडगावात पुरती वेढली गेली. महादजी शिंद्यांशी तह करून तिला सुटका मागावी लागली. मुंबईच्या इंग्रजांना शरण आणणारी ती थंडी आम्ही पहाटे अंगावर घेतली. धुकं होतं, दहा हातांवरचं दिसत नव्हतं. जुन्या रस्त्याकडेला एक वड सापडला, पारंब्या छाटलेला. पारंब्या छाटल्या की वड आडवा वाढू शकत नाही, पसरलेल्या फांद्यांना टेकू मिळत नाही. तरी त्याच्यावर हरियाल होते, सात-आठ. हिरवट-पिवळी, पिवळ्या पायांची ती कबुतरं आपला राज्यपक्षी आहेत, आणि पानांत बसली की तिथंच असून दिसत नाहीत. एक फळ खाली पडलं, तेव्हा आत्यानं वर पाहिलं.

मधे एका रविवारी मुंबई. मुंबईची नावं तर एक अरण्यच आहे. चिंचपोकळी, उमरखाडी, ताडदेव, वडाळा, फणसवाडी, बाभुळनाथ. चिंच मुळात आफ्रिकेची, पण इथं येऊन तिला इतका काळ लोटला की अरबांनी तिला हिंदुस्थानचा खजूर म्हटलं, आणि इंग्रजीतलं तिचं नाव त्यावरूनच पडलं. या सगळ्या नावांमधून लोकल गाडीनं जाताना खिडकीतून झाडं शोधायची म्हटलं तर मान दुखते. म्हणून आम्ही थेट भायखळ्याला उतरलो, राणीच्या बागेत.

१८६२ मध्ये उघडलेली ही बाग बहुतेक लोक प्राण्यांसाठी बघतात. मी तिथं झाडांसाठी जाते, आणि हिवाळा सरताना जाते, कारण तेव्हा उर्वशी फुलते. ब्रह्मदेशातलं हे झाड. लांब देठांवर लोंबणारे लाल-गुलाबी घोस, मोठ्या पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. त्याखाली उभं राहिलं की मराठीत हे नाव ज्यानं दिलं त्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला, गोरखचिंच आफ्रिकेतली. नावं मात्र सगळ्यांना आपली. परक्या झाडाला शंकराचं नाव देऊन, गोरखनाथाचं नाव देऊन घरात घेतलेलं. नाव देणं म्हणजे दत्तक घेणंच की.

पण त्या दिवशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो तो झाडांपाशी नव्हे. आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी, एक दगडी हत्ती आहे. हा घारापुरीचा. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना साखळी तुटली आणि हत्ती फुटला. पुढे तुकडे सांधून त्याला उभं केलं. आता हत्ती भायखळ्याला, नाव समुद्रातल्या बेटावर. आणि याच बागेत तो काळा घोडाही आहे, पाठीवर सातव्या एडवर्डसह. १९६५ मध्ये त्याला इथं आणून ठेवलं. ज्या चौकातून त्याला उचललं, त्या चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. आत्या त्या घोड्यासमोरच्या बाकावर बसली होती. "म्हणजे नाव उचलून नेता येत नाही," ती म्हणाली, "वस्तू नेता येते." खुद्द या बागेचंही तसंच. कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आणि ते नाव मोठ्या मानाचं आहे. तरी टॅक्सीवाल्याला सांगताना जीभ आपोआप राणीच्या बागेकडे वळते.

माघात लिंब. या सगळ्या फिरण्यात मला सर्वांत आवडलेली जागा विचाराल तर हीच.

साताऱ्याकडे कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतात. त्या नावाचं हे गाव महामार्गापासून थोडं आत, कृष्णेच्या बाजूला. इथं बारा मोटांची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात, थोरल्या शाहू महाराजांच्या राज्यात, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून पाहिलं तर आकार शिवलिंगासारखा, अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेली आयताकृती पायऱ्यांची वाट. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की थंडावा एकदम अंगावर येतो, आणि मग कळतं की विहिरीच्या भिंतीतच एक छोटा महाल आहे. खाली पाणी, वर मोटेच्या बैलांची धाव, आणि मधे बसायला दालन. खांबांवर कोरीवकाम. तिथं बसून उन्हाळ्याची दुपार घालवणाऱ्या माणसांचा मला हेवा वाटतो.

एका विहिरीवर बारा मोटा एकदम चालायच्या म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणून बघा. मोट म्हणजे चामड्याचं मोठं भांडं, खाली निमुळत्या सोंडेचं. जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक तो सोंदूर. बैलजोडी उतरत्या धावेवरून खाली चालत जाते तशी मोट वर येते, काठाशी आली की सोंड मोकळी होऊन पाणी थारोळ्यात पडतं, तिथून पाटाला लागतं. बैल मागे फिरतात, रिकामी मोट खाली जाते. हे एका मोटेचं. बारा मोटा म्हणजे बारा जोड्या, चोवीस बैल, बारा चाकांची कुरकुर, बारा मोटकऱ्यांची बैलांना दिलेली हाळी, आणि बारा धारा. त्या जागेत आता पारव्यांच्या घुमण्याखेरीज आवाज नाही. पण दगडावर दोरांनी घासून पडलेल्या खाचा आहेत. त्यांत बोट ठेवलं की बोट बसतं.

आणि हे सगळं पाणी कशासाठी? आमराईसाठी. ३३०० आंब्याची झाडं या विहिरीवर होती, असं सांगतात. एका बाईनं आंब्यांसाठी इतकी देखणी विहीर बांधवली! किल्ल्याचा तट बांधणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ असतात. झाडांना पाणी पाजायला दगडाचं एवढं काम करवून घेणाऱ्या विरूबाईंचं नाव शाळेत आपल्याला कुणी शिकवलं नाही. आत्यानं शिकवायला हवं होतं, असं ती स्वतःच म्हणाली, आणि तिच्या आवाजात खंत होती.

आमराई आता नाही. भोवताली ऊस, मधे मधे बांधावर उरलेली आंब्याची झाडं. म्हणून तर आम्ही माघ निवडला होता. मोहराचे दिवस. विहिरीतून वर आलो, डोळे उन्हाला सरावले, आणि वाऱ्याची एक झुळूक आली. आंबट-गोड, किंचित तुरट, डोकं भरून टाकणारा तो वास. बांधावरच्या पाच-सहा झाडांचा मोहर, त्याचा इतका. ३३०० झाडं मोहरली असतील तेव्हा या गावात माघ कसा जात असेल! एक आजोबा बैल घेऊन चालले होते. त्यांना विचारलं, "आजोबा, जुनी आमराई कुठंवर होती?" त्यांनी उभ्या जागी काठी धरली आणि स्वतःभोवती पुरता फेरा घेतला.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. उजनी काठोकाठ होती. फाल्गुन लागला तसं आत्याच म्हणाली, पळसदेवला परत जाऊ. देऊळ दिसणार नव्हतं, पण पळसाचा महिना होता. सोलापूर रस्त्याला, भिगवणच्या अलीकडे, एका माळावर दोन पळस पेटलेले दिसले आणि आम्ही गाडी थांबवून नुसत्या बघत राहिलो. शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, सगळ्यांचा गलका. फुलाच्या होडीत चोच घालायची आणि कपाळाला पराग लावून बाहेर यायचं.

काठावर एका मच्छीमाराला विचारून आम्ही त्याच्या होडीत बसलो. पाण्यावर लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती. ते थंडीत येतात, आता परतायच्या बेतात असतील. शिखराचा शेंडा आला. वैशाखात ज्या दाराशी आम्ही पाणी प्यायलो होतो ते दार आमच्या खाली कुठंतरी होतं, वीरगळ होते, तो उंबरा होता. आत्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"पळस व्हता की," तो म्हणाला. "म्या न्हाय बगितला. आजी सांगायची. देवळाच्या अंगाला बन व्हतं म्हनं, शिमग्याला पोरं फुलं आनायची रंगाला."

"कुठल्या अंगाला?"

त्यानं जरा विचार केला. मग वल्हं मारत होडी शिखराच्या डाव्या बाजूला नेली, थोडी पुढे, थोडी मागे, आणि एका जागी थांबवली. "हितं," तो म्हणाला.

आम्ही दोघींनी खाली पाहिलं. पाणी हिरवं, गढूळ होतं. आत्यानं पदराच्या टोकातून मघाच्या माळावर वेचलेली चार फुलं काढली आणि एकेक करून पाण्यावर सोडली. ती बुडाली नाहीत. होडीच्या कडेशी थोडा वेळ डुलत राहिली आणि मग वाऱ्यानं देवळाकडे गेली.